प्लास्टर निघालं, हाडाचं काय?

पावसाळ्याचे पहिले पंधरा दिवस गेले की परसातल्या शहाबादी फरशीवर शेवाळ धरतं. न्हाणीच्या उंबऱ्याशी पाय सरकतो, पंचावन्न-साठीची बाई पुढे झेपावते, हात टेकते आणि मनगट मोडतं. कणकुंबी-जांबोटीच्या धो धो पावसात काय आणि बेळगाव शहरातल्या फ्लॅटमध्ये काय, हे सारखंच घडतं. पाच-सहा आठवडे प्लास्टर, मग बोटांचे व्यायाम, की विषय संपला. घरातले म्हणतात, ‘पडली म्हणून मोडलं.’

मला या वाक्याबद्दलच बोलायचं आहे. उभ्या माणसाचा तोल जाऊन तो जमिनीवर पडला, तर निरोगी हाड सहसा मोडत नाही. मुका मार लागेल, सूज येईल. पन्नाशीनंतर एवढ्याशा पडण्याने हाड मोडलं, तर ते आधीच ठिसूळ होतं, असं धरून चालायला हवं. अशा एका फ्रॅक्चरनंतर पुढच्या फ्रॅक्चरचा धोका जवळपास दुप्पट होतो. पन्नाशी-साठीत माणूस पडताना हात पुढे करतो, म्हणून मनगट जातं. पंचाहत्तरीनंतर हात वेळेवर पुढे येत नाही, माणूस कुशीवर आदळतो आणि खुबा मोडतो. म्हणजे मनगट मोडल्यापासून खुबा मोडेपर्यंत बऱ्याचदा दहा-पंधरा वर्षं हातात असतात. ती वाया जाऊ नयेत, म्हणून हे लिहितोय.

प्लास्टर काढायला जाल तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, ‘डेक्सा करायची का?’ ही हाडांची घनता मोजणारी तपासणी. पाठीवर झोपायचं, दहा-पंधरा मिनिटं लागतात, सुई नाही, किरणांचा डोसही अगदी किरकोळ. कंबरेचे मणके आणि खुबा, दोन्ही मोजून घ्यायचे. कागदावर ‘टी-स्कोअर’ येतो, म्हणजे निरोगी तरुण माणसाच्या हाडाशी तुमच्या हाडाची तुलना. उणे १ किंवा त्याच्या वर असेल तर ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये असेल तर घनता कमी, आणि उणे २.५ किंवा त्याहून खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. इथे दोन ठिकाणी फसायला होतं. गावात शिबिर लागतं, टाच यंत्रात ठेवून ‘हाडं तपासतात’ आणि आकडा हातात देतात. ती अल्ट्रासाउंडची चाळणी आहे, त्यावर औषध सुरू किंवा बंद करायचं नसतं. दुसरं, सत्तरीपुढे कंबरेच्या मणक्यांवर झिजेमुळे जादा हाड वाढलेलं असतं आणि यंत्र तेही मोजतं. म्हणून मणक्याचा आकडा चांगला आणि खुब्याचा वाईट आला, तर खुब्याचा खरा धरायचा.

डेक्साबरोबर रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), अल्कलाइन फॉस्फेटेज, ड जीवनसत्त्व, टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि हिमोग्लोबिन हेही बघतात. हाड ठिसूळ होण्यामागे वाढलेला थायरॉइड, मूत्रपिंडाचा आजार किंवा क्वचित रक्ताचा कर्करोगही असू शकतो.

पण हाड मोडायची वाट बघायलाच नको अशी माणसं आपल्या भागात पुष्कळ आहेत. पाळी गेल्यावर पहिल्या पाच-सात वर्षांत बाईच्या हाडांतला पाचवा हिस्सासुद्धा निघून जाऊ शकतो. हाड पोखरणाऱ्या पेशींना आवर घालणारं इस्ट्रोजेन संपलेलं असतं. ज्यांची पस्तिशी-चाळिशीतच ‘पिशवी काढली’ आणि तिच्याबरोबर अंडाशयंही गेली, त्यांचं हे घड्याळ दहा वर्षं आधी सुरू झालं. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली का, हे कित्येकींना माहीतच नसतं. डिस्चार्जच्या कागदावर ते लिहिलेलं असतं, कागद शोधा. अंडाशयं ठेवली असतील तरी पाळी जायचं वय थोडं अलीकडे येतंच.

संधिवात, दमा किंवा कातडीच्या आजारासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या तीन महिन्यांहून जास्त घेतलेल्यांनी तपासून घ्यावं. बाजाराच्या दिवशी मिळणाऱ्या, गुडघेदुखी दोन दिवसांत थांबवणाऱ्या बिननावाच्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. आराम जितका झटपट, तितका संशय जास्त घ्यावा. आईचा खुबा मोडला होता ते, अंगाने फार बारीक असलेले, फिटच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणारे, रोज दारू पिणारे, हेही याच यादीत. पुरुष यातून सुटत नाहीत, त्यांचं सगळं फक्त दहा-बारा वर्षं उशिरा होतं.

निपाणीकडच्या बायकांबद्दल वेगळं सांगावंसं वाटतं. विडी वळणारी बाई दिवसभर सावलीत, मांडी घालून, पुढे वाकून बसते. ऊन नाही, हाडावर भार नाही, आणि बरोबरीने दिवसातून तीन-चार वेळा मशेरी. तंबाखू ओढली काय नि हिरडीला लावली काय, निकोटिन रक्तात जायचं ते जातंच. मशेरी सोडणं अवघड आहे, हे मान्य. पण गोळ्या, दूध, व्यायाम सगळं करून मशेरी तशीच ठेवली, तर एका हाताने भरायचं आणि दुसऱ्या हाताने सांडायचं असं होतं.

मणक्याचं फ्रॅक्चर तर बहुतेकदा कळतही नाही. घागर उचलताना, गवताचा भारा डोक्यावर घेताना, कधी नुसतं शिंकताना पाठीत कळ येते. ‘उसण भरली’ म्हणून शेक होतो, तेल चोळतात आणि मग पायाळू माणसाला बोलावून पाठीवर लाथ मारून घेतात. साठीच्या पुढच्या माणसाला हे कधीही करू नका. दबलेल्या मणक्यावर तो आघात बसला तर तुकडा मागे सरकून मज्जारज्जूला लागू शकतो. साठीनंतर अचानक उठलेली पाठदुखी, बसल्या-उठल्या वाढणारी आणि आडवं पडल्यावर कमी होणारी असेल, तर आधी एक्स-रे, बाकी सगळं नंतर. पायात बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं.

न दुखता दबलेला मणका घरच्या घरीही ओळखता येतो. भिंतीला टाचा आणि पाठ लावून, नजर समोर ठेवून ताठ उभं राहायचं. डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकली पाहिजे. टेकत नसेल तर पाठीला पोक आलेला आहे आणि तो ‘वयानुसार’ म्हणून सोडून द्यायचा नाही. दुसरी खूण उंचीची. तरुणपणीच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त कमी झालं असेल तर मणक्यांचा एक्स-रे काढावा. उंची सकाळी मोजा, संध्याकाळी ती थोडी कमीच भरते. चप्पल काढून दाराच्या चौकटीला पाठ लावायची, डोक्यावर पाटी आडवी धरायची, पेन्सिलीने खूण करून तारीख लिहायची आणि वर्षातून एकदा ताडून बघायचं.

आता ताटाकडे येऊ. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेलेल्या बाईला १२००. आपल्याकडचा साधा दिवस घ्या. दोन चहांतलं मिळून १०० मिली दूध, त्याचे १२०. जोंधळ्याच्या दोन भाकऱ्या, त्यांचे जेमतेम ३०. भाताचे १०. आमटीचे ३०-३५, भाजीचे ५० आणि एक पेला पातळ ताक, त्याचे ६०. सगळं मिळून तीनशेच्या आसपास. पोट भरलं, भूक भागली, आणि हाडांना मिळालं एक तृतीयांशाहूनही कमी. पूर्वेला अथणी-रायबागकडे जोंधळा आणि पश्चिमेला खानापूरकडे भात, दोन्ही धान्यं कॅल्शियमच्या बाबतीत गरीबच.

नाचणी तशी नाही. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, जोंधळ्याच्या दहापट तरी. खानापूरच्या डोंगराळ जमिनीत ती पिकते, कानडी दुकानात रागी म्हणून मिळते, आणि आपल्याच ताटातून ती मागे पडली याचं मला मनापासून वाईट वाटतं. एक जोंधळ्याची भाकरी काढून तिच्या जागी नाचणीची घेतली की दोनशेची भर पडते. मात्र नाचणीतलं फायटेट नावाचं द्रव्य यातलं काही कॅल्शियम धरून ठेवतं. ते कमी करायचा उपाय आपल्या आज्यांना ठाऊकच होता. नाचणी धुवून रात्रभर भिजवायची, निथळून ओल्या फडक्यात बांधून मोड येईपर्यंत साधारण एक दिवस ठेवायची, सावलीत वाळवायची, मंद आचेवर भाजून दळायची. घाई करून ओलसरच दळली तर पीठ आठ दिवसांत कुबट होतं. किंवा साधं पीठच ताकात कालवून रात्रभर आंबवायचं आणि सकाळी शिजवून आंबील करायची. मीठ बेताचं घाला. जास्त मिठाबरोबर लघवीतून कॅल्शियमही वाहून जातं, आणि लोणचं, पापड, सांडगे, खारवलेली मिरची यांतून ते न कळत वाढतं.

नाचणीची एक भाकरी, एक पेलाभर म्हणजे २५० मिली दूध (३००), एक वाटी घट्ट दही (१८०) आणि न सोललेले तीळ १० ग्रॅम (१२०च्या आसपास), एवढी भर पडली की तीनशेचा दिवस अकराशेपर्यंत जातो. वर आठवड्यातून तीनदा शेवग्याच्या पाल्याची किंवा मेथीची भाजी. पालक मात्र यात धरू नका. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून टाकतं, अंगाला फार थोडं लागतं. दुधाने पोट बिघडत असेल तर दही बहुतेकांना चालतं. सुकी मासळी खाणाऱ्यांनी काट्यासकट चावता येतील असे बारीक मासे निवडावेत आणि दोन-तीन पाण्यांत धुवून मीठ काढावं.

डिंकाच्या लाडवांबद्दल आणि गोकाकच्या करदंटाबद्दल नेहमी विचारणा होते. खारीक, खोबरं, सुकामेवा यांनी पोषण मिळतं, बाळंतिणीला ते उपयोगी आहेच. पण डिंकाने हाड घट्ट होतं याला भरवशाचा आधार नाही, आणि गूळ-तूप मधुमेह्याला सोसत नाही. गव्हाएवढा चुना रोज खाण्याचा मोबाइलवर फिरणारा सल्ला तर पाळूच नका. चुना तोंड आणि अन्ननलिका भाजतो, आणि रोज किती पोटात गेला याला मापच नसतं.

प्रथिनांना आपण हाडांच्या हिशेबात धरतच नाही. हाडाच्या आकारमानाचा जवळपास अर्धा भाग प्रथिनांचा असतो. ५० किलोच्या माणसाला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम हवीत. एका अंड्यात ६, एका पेला दुधात ८, एक वाटी घट्ट वरणात ६-७. म्हातारपणी ‘हलकं’ म्हणून नुसता मऊ भात-ताक देत राहिलं की स्नायू वाळतात, आणि स्नायू वाळले की माणूस पडतो.

आणि हाडं भरायची खरी वेळ वयाच्या पंचविशी-तिशीपर्यंतच असते. कर्नाटकच्या सरकारी शाळांत २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेचं दूध मिळतं, आपल्या मराठी शाळांतही. पोरगी ‘आवडत नाही’ म्हणून ते टाकत असेल तर लक्ष घाला.

गोळ्या घ्यायच्याच झाल्या तर ताटात जेवढं कमी पडतं तेवढ्याच. पाकिटावर ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम’ लिहिलेलं असतं, त्यातलं खरं कॅल्शियम ५०० असतं. एका वेळी ५०० पेक्षा जास्त घेऊन उपयोग नाही, आतडं ते शोषत नाही. कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यायचं, कारण ते विरघळायला आम्ल लागतं. रोज पित्ताची गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून कॅल्शियम सायट्रेट घ्यावं. थायरॉइडच्या गोळीत आणि कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर हवं, लोहाची गोळीही वेगळ्या वेळी. पूर्वी मूतखडा झालेल्यांनी स्वतःहून सुरू करू नये.

उन्हाबाबत आपली समजूत उलटी आहे. बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात सकाळी सहाला फेऱ्या मारणाऱ्या कुणालाही विचारा, कोवळ्या उन्हातून ड जीवनसत्त्व मिळतं असंच सांगतील. कोवळं ऊन सुखाचं असतं, पण ज्या किरणांनी कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं ते सूर्य खाली असताना आपल्यापर्यंत जवळजवळ पोचतच नाहीत. आपल्या सावलीवरून ओळखायचं. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कामाचं. बेळगावच्या अक्षांशावर डिसेंबरात ही वेळ साधारण अकरा ते दोन, आणि एप्रिल-मे महिन्यांत साडेनऊ ते साडेतीन. उन्हाळ्यात दहाच्या आतच उरकावं. चेहरा, हात आणि पोटऱ्या उघड्या ठेवून सावळ्या माणसाने अर्धा तास, आठवड्यातून तीन-चार वेळा. खिडकीच्या काचेआड बसून काही होत नाही. ऊसतोडीच्या बायका दिवसभर उन्हात असतात, पण डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या, म्हणून त्यांच्यातही कमतरता सापडते. सत्तरीत कातडीची ताकद निम्म्याहून कमी झालेली असते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ऊनच नसतं. त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना बऱ्याचदा औषध लागतंच.

ते औषध म्हणजे ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल. कमतरता असेल तर आठवड्याला एक, सहा ते आठ आठवडे, मग डॉक्टर सांगतील तशी महिन्याला एक. दूध किंवा जेवणाबरोबर घ्यायची, कारण ते स्निग्धात विरघळतं. यातल्या चुका दोन्ही टोकांच्या असतात. कुणी चार पुड्या घेऊन सोडून देतं. कुणी जुनी चिठ्ठी दाखवत दोन वर्षं दर आठवड्याला घेत राहतं, तर कुणी रोज एक. जादा झालं की तहान, उलट्या, बद्धकोष्ठ, गोंधळल्यासारखं होणं आणि मूत्रपिंडाला इजा होते. ‘वर्षाचं एकदम’ असा मोठा डोसही नको. ऑस्ट्रेलियात वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिलेल्या वयस्क बायका जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली, हे २०१० मध्ये छापून आलेलं आहे.

चालणं चांगलं, पण एकट्या चालण्याने हाड फारसं भरत नाही. हाडाला नेहमीपेक्षा जास्त भार लागतो. सायकल आणि पोहणं हृदयाला उत्तम, हाडाला त्यांचा विशेष उपयोग नाही. घरी करण्यासारखं पहिलं म्हणजे खुर्चीची उठबस. साधारण दीड फूट उंचीची, हात नसलेली, भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्यायची. हात छातीशी, पाय खांद्याएवढे लांब. उठायचं आणि तीन मोजत हळू बसायचं. धपकन बसलात तर तो दणका सरळ मणक्यांना लागतो, म्हणून इथे हळूपणाच महत्त्वाचा. आठ-दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा आठ-दहा वेळा, दिवसाआड. सहज बारा जमू लागले की दोन किलो तांदळाची पिशवी छातीशी धरून. दुसरं, ओट्याला धरून टाचा उचलणं, पंधरा वेळा. तिसरं तोलाचं. एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून तीस सेकंद, ओट्याजवळच, कारण तोल शिकता शिकता पडण्यात अर्थ नाही. चौथं, पोटाखाली उशी घेऊन पालथं झोपायचं, हात अंगालगत, छाती चार बोटं उचलून पाच मोजायचे, दहा वेळा. पाठीचे स्नायू भक्कम झाले की मणका दबण्याचा धोका कमी होतो.

डेक्सात मणके खराब निघाले असतील तर पुढे वाकणं बंद. पश्चिमोत्तानासन, हलासन, पादहस्तासन नको, सूर्यनमस्कारही जाणत्या माणसाला विचारूनच. वाकताना मणक्याच्या पुढच्या कडेवर दाब येतो आणि तीच कड दबते. झाडायला लांब दांड्याचा झाडू घ्या, घागर कंबरेतून वाकून न उचलता गुडघ्यात वाकून उचला, किंवा अर्धीच भरा.

घरात रात्रीचं लघवीला उठणं सगळ्यात धोक्याचं. पलंगापासून न्हाणीपर्यंत शून्य बल्ब हवा. न्हाणीतली दांडी भिंतीत बोल्ट मारून बसवलेली स्टीलची हवी. टॉवेलची दांडी आधाराला धरली की ती स्क्रूसकट हातात येते. शेवाळ ब्रशने घासून काढा, जमिनीला टेकणारा पदर आणि निऱ्या वर घ्या, मोतीबिंदू लांबवू नका, झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांनी चक्कर येते का ते डॉक्टरांना सांगा.

तरीही कुणी पडलं आणि पाय आखूड दिसला, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं, उभं राहवेना, तर तो खुबा आहे. चोळू नका, हाड बसवायला नेऊ नका, चालवून बघू नका. दोन्ही पायांत उशी घेऊन बांधा, १०८ ला फोन करा. ऑपरेशन पहिल्या ४८ तासांत झालेलं बरं. ‘या वयात कशाला चिरफाड’ म्हणून माणसाला अंथरुणात ठेवलं की शय्याव्रण आणि न्यूमोनिया येतात, आणि माणूस जातो तो त्यांनीच.

राहिली औषधं. ऑस्टिओपोरोसिस ठरल्यावर नुसतं कॅल्शियम पुरत नाही. आठवड्याची अलेंड्रोनेटची गोळी सकाळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, चहाबरोबर नाही. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते. वर्षातून एकदा सलाइनमधून देतात त्या झोलेड्रॉनिक ॲसिडने पहिले दोन-तीन दिवस कणकण येते, घाबरू नका. सुरू करण्याआधी दात काढायचे असतील तर काढून घ्या. काही वर्षांनी मांडीत विनाकारण दुखू लागलं तर लगेच सांगा. या दोन औषधांना पुढे विश्रांती देता येते. डेनोसुमॅबचं तसं नाही. ते इंजेक्शन दर सहा महिन्यांनी, आणि उशीर झाला की थांबवलेली झीज उसळून येते, एकामागोमाग मणके दबू शकतात. म्हणून इंजेक्शन घेतलं त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरात पुढची तारीख लिहून ठेवा. शेजारी डेक्साचीही लिहा, दीड-दोन वर्षांनंतरची, आणि ज्या केंद्रात पहिली झाली त्याचं नावही, कारण दोन वेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.